पत्रक, फावडे आणि सहा आठवड्यांची सुट्टी

कॉलेजला सुट्टी लागते आणि विशीतली एखादी मुलगी चर्चच्या मंडळीसमोर उभी राहून सांगते, की यंदाचा उन्हाळा मी मिशनला देणार. मदतीसाठी पत्रं जातात, प्रार्थनासभेत तिचं नाव घेतलं जातं. मग पाच-सहा आठवडे परक्या देशात सकाळी भिंती रंगवायच्या, दुपारी मुलांची बायबल शाळा घ्यायची, संध्याकाळी चौकात पत्रकं वाटून आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची. हा दिनक्रम इतका रुळला आहे, की तो मिशनइतकाच जुना असावा असं वाटतं. प्रत्यक्षात या तिन्ही कामांची कुळं वेगवेगळी आहेत.

ख्रिस्ताची सुवार्ता सांगायला निघालेल्या विद्यार्थ्यांची गोष्ट १८०६ च्या ऑगस्टपासून सुरू होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेला जमले होते. वादळ आलं, तसे ते गवताच्या गंजीच्या आडोशाला गेले. तिथेच सॅम्युएल मिल्सने आशियात सुवार्ता नेण्याचा विषय काढला. त्यातून चार वर्षांनी अमेरिकेचं पहिलं परदेशी मिशन मंडळ उभं राहिलं. त्याच कॉलेजचा गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला आणि मराठी मिशनचा पाया घातला गेला. १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना त्याला कॉलऱ्याने गाठलं. मायदेश त्याने पुन्हा पाहिलाच नाही. जहाजाने यायलाच महिनोन्महिने लागत, तेव्हा जाणं म्हणजे कायमचं जाणं. उन्हाळ्यापुरतं मिशन ही कल्पना तेव्हा कुणाला सुचणंही शक्य नव्हतं.

उन्हाळा या कथेत आला तो ठराव करण्याचा काळ म्हणून. १८८६ मध्ये प्रचारक ड्वाइट मूडी यांनी मॅसॅच्युसेट्समधल्याच माउंट हर्मन इथे भरवलेल्या शिबिराला २५१ विद्यार्थी आले आणि महिन्याभराने उठले तेव्हा त्यांपैकी १०० जणांनी परदेशी मिशनला जाण्याची तयारी दर्शवली होती. त्यांना पेटवणाऱ्यांत पुढे होता रॉबर्ट वाइल्डर. त्याचा जन्म १८६३ चा, कोल्हापूरचा, मिशनरी आईबापांच्या घरातला. पुढच्या काही दशकांत या शिबिरातून उभ्या राहिलेल्या विद्यार्थी चळवळीतून हजारो जण परदेशी गेले. सुट्टीत निर्णय घ्यायचा आणि आयुष्य द्यायचं, असा तो हिशोब होता.

दुपारच्या बायबल शाळेचं मूळ मात्र परदेशी मिशनमध्ये नाहीच. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या वस्तीत एलायझा हॉझ या बाईंनी सुट्टीत रस्त्यावर हुंदडणाऱ्या मुलांसाठी ती भरवली, आणि जागा भाड्याने घेतली ती चक्क एका बिअर हॉलची!

फावडं, म्हणजे अंगमेहनतीचं काम, आलं ते युद्धविरोधी गोटातून. १९२० मध्ये स्विस इंजिनिअर पिएर सेरेसोल यांनी फ्रान्समधल्या व्हर्दनजवळच्या, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या एन गावात घरं उभारायला देशोदेशीचे स्वयंसेवक नेले. त्यांत जर्मनही होते. गावाचा विरोध झाला आणि काही महिन्यांत काम गुंडाळावं लागलं, पण श्रमशिबिराची रीत टिकली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर हेच सेरेसोल तिकडे पुनर्वसनासाठी आले. त्याच वर्षी उन्हाळ्यात अमेरिकेतल्या क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी पेनसिल्व्हेनियात कॉलेजच्या पोरांना नव्या वसाहतीच्या पाण्याच्या पाइपासाठी चर खणायला लावलं. इथे प्रवचन नव्हतं. घाम हीच साक्ष, असं ते मानत.

हे प्रवाह एकत्र यायला दुसरं महायुद्ध आणि स्वस्त होत गेलेला प्रवास कारण ठरला. १९५७ मध्ये जॉर्ज व्हर्वर हा अमेरिकन विद्यार्थी दोन मित्रांसह शुभवर्तमानाच्या प्रतींनी भरलेला जुना ट्रक घेऊन सुट्टीत मेक्सिकोला गेला. त्यातून ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही मिशन संस्था उभी राहिली. लॉरेन कनिंगहॅम यांनी १९६० मध्ये ‘यूथ विथ अ मिशन’ ही तरुणांची मिशन संस्था काढली आणि १९६४ च्या उन्हाळ्यात १४६ तरुणांना बहामाज बेटांवर नेलं. घरोघरी सुवार्ता सांगणं हा बेत होता, पण तिथे असतानाच क्लिओ चक्रीवादळ आलं. वादळाने घरं पडलेल्या माणसाला नुसतं पत्रक देऊन भागत नाही, हे कनिंगहॅम यांच्या मनात तिथेच बसलं आणि मदत घेऊन जाणाऱ्या सेवाजहाजाची कल्पना पुढे आली. माझ्या मते आजच्या उन्हाळी मिशनचं खरं जन्मस्थान हेच.

टीकाही लगेच आली, आणि घरातूनच. १९६८ मध्ये मेक्सिकोला निघालेल्या कॅथलिक विद्यार्थी स्वयंसेवकांना शिकागोत कॅथलिक पाद्री इव्हान इलिच यांनी तोंडावर सांगितलं, की बघायला या, शिकायला या, डोंगर चढा, पण मदत करायला येऊ नका. ज्याची भाषा येत नाही त्याच्यावर उपकार लादू नका, हा त्यांचा रोख. ऐकणाऱ्यांना ते किती झोंबलं असेल!

आकड्यांत हा प्रश्न मांडला तो समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकेतून आलेल्या गटांनी घरं बांधून दिली. एक घर बांधायला साधारण २,००० डॉलर लागत आणि ते बांधायला आलेल्या एका गटाचा विमानभाड्यासह खर्च सरासरी ३०,००० डॉलर. व्हेर बीक यांनी घरं मिळालेल्या कुटुंबांना गाठलं. पाहुण्यांनी बांधलेल्या आणि स्थानिक ख्रिस्ती संस्थांनी बांधलेल्या घरांत राहणाऱ्यांच्या आयुष्यात त्यांना काहीच फरक आढळला नाही.