चवळीवर मावा पडला तेव्हा

मागच्या हिवाळ्यात दोन दिवस आभाळ राहिलं आणि गच्चीतल्या चवळीवर मावा पडला. कोवळ्या शेंड्याला कुणी मोहरी चिकटवून ठेवावी तसा. आठवड्याने त्या काळ्या गर्दीत करड्या रंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या, इवल्याशा मगरींसारख्या अळ्या फिरू लागल्या. एक कीड कमी होती म्हणून दुसरी आली, असं वाटून मी त्या चिमट्याने वेचल्या आणि साबणाच्या पाण्यात बुडवल्या. अकरा भरल्या. त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या, म्हणजे मावा खायला आलेल्या, हे नंतर कळलं.

ढालकिडा सगळ्यांना ठाऊक असतो. आपल्याकडे बहुतेकदा पिवळट-नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला दिसतो, नाहीतर लाल रंगाचा, सात ठिपक्यांचा. पण त्याचं पिल्लू बापाच्या तोंडवळ्यावर जात नाही, आणि तिथेच घात होतो. पानामागे उभी मांडलेली पिवळी अंडी, त्यातून ही अळी, आणि कोषात जाईपर्यंतच्या दोनेक आठवड्यांत ती काही शे मावा फस्त करते.

एवढी भूक लागतेच, कारण समोरचा प्राणीही तसाच आहे. उबदार हवेत माव्याला नर लागत नाही. मादी अंडी न घालता थेट पिल्लं देते, सगळ्या मुलीच, आणि जन्मणाऱ्या मुलीच्या पोटात तिची मुलगी आधीच वाढत असते. आजी, आई, नात एकाच अंगात! ही पोर आठवडा-दहा दिवसांत स्वतः पिल्लं देऊ लागते. शेंड्यावर दाटी झाली की पुढच्या काहींना पंख फुटतात आणि बिऱ्हाड शेजारच्या वेलावर जातं.

मावा सुईसारखी सोंड झाडाच्या अन्नवाहिनीत खुपसतो. तिथला रस दाबाखाली असल्याने आपसूक वर चढतो. त्यात साखर भरपूर, पण प्रथिनं घडवायला लागणारी अमिनो आम्लं तुटपुंजी. ती कमतरता माव्याच्या पेशींत राहणारे बुख्नेरा नावाचे जीवाणू भरून काढतात. ही भागीदारी दहा कोटींहून अधिक वर्षं चालत आली आहे. उरलेली साखर मागच्या बाजूने थेंबाथेंबाने बाहेर पडते. शेतकरी ज्याला चिकटा म्हणतात तो हाच. मिठाईवाल्याच्या माव्याशी याचं नातं नाही, पण गोड म्हणाल तर हाही गोडच. त्यावर काळी बुरशी धरते आणि मुंग्या येतात. मुंग्या फुकट खात नाहीत, राखण करतात. माझ्या वेलावर एका मुंगीने ढालकिड्याला पायाला धरून देठावरून ढकलताना पाहिलं. खोडाशी मुंग्यांची वाट तोडली की मित्रकीटकांचं काम सोपं होतं.

सिरफिड माशीची अळी आंधळी आणि बिनपायाची. डोकं डावी-उजवीकडे हलवत चाचपते आणि लागेल तो मावा उचलून शोषते. माशी स्वतः मात्र फुलांवर जगते. म्हणून भाजीच्या कडेला धने, शेपू, मोहरीची चार झाडं फुलू द्यावीत. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या, मावा खाणाऱ्या कीटकाची अंडी केसासारख्या देठावर टांगलेली दिसतात. बुरशी समजून पुसू नयेत.

माझी सगळ्यात आवडती मात्र गांधीलमाशी. डंख मारणारी नव्हे, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. ती पोट स्वतःच्या पायांमधून पुढे वाकवते, माव्याला टोचते आणि क्षणात अंडं आत सोडते. अळी माव्याला आतून पोखरत वाढते. मावा फुगतो, पानाला चिकटून वाळतो, सोनेरी-तपकिरी होतो. याला ममी म्हणतात. पुढे ममीच्या पाठीला गोल झाकण कापून नवी माशी निघते.

हे सगळे उशिरा येतात, हीच अडचण. खाणं पुरेसं असल्याशिवाय ते अंडी घालत नाहीत, आणि नेमक्या त्या मधल्या दिवसांत आपला धीर सुटतो. सरसकट सगळं मारणारं कीटकनाशक मारलं तर दोघेही मरतात. पण उरलेला चिमूटभर मावा आठवड्यात पुन्हा पसरतो आणि खाणाऱ्यांना परतायला कितीतरी जास्त वेळ लागतो. अर्थात मित्रकीटकांवर सगळं सोपवूनही चालत नाही. काकडी-मिरचीवरच्या मोझॅकसारखे विषाणू पंखवाला मावा काही सेकंदांच्या टोचणीत पोचवतो. ढालकिडा तिथे पोचेपर्यंत काम झालेलं असतं. रोगट झाड उपटणंच बरं.

ही किमया मोठ्या शेतांवरही दिसली आहे. 2002 मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकात पसरला. उंच उसात फवारणी करणार तरी कशी? तेव्हा त्या माव्यावरच जगणारी डिफा नावाची अळी आणि मायक्रोमस हा कीटक कामाला आले. त्यांची पैदास करून ते उसात सोडले गेले.

यंदा पुन्हा चवळीवर मावा आला. पाण्याच्या फवाऱ्याने निम्मा धुतला, बाकीचा राहू दिला. परवा एका पानामागे सतरा ममी मोजल्या. बारांच्या पाठीला भोक होतं.