लॉगमधली वेळ आणि टेबलातली वेळ

मायएसक्यूएल डेटाबेसच्या एरर लॉगमधील, म्हणजे बिघाडांच्या नोंदवहीतील, एका ओळीच्या सुरुवातीला २०२४-०३-०५ ही तारीख, तिच्यापुढे १८:५२:०७ ही वेळ आणि शेवटी रोमन लिपीतले ‘झेड’ हे अक्षर आहे, असे समजू. ऑर्डरच्या टेबलात पडलेल्या एका नोंदीवर मात्र ६ मार्च, रात्रीचे १२ वाजून २२ मिनिटे ७ सेकंद असा शिक्का आहे. नवख्या माणसाला या दोन वेगळ्या दिवसांच्या घटना वाटतात आणि बिघाडाचा शोध तिथूनच भरकटतो. वास्तविक दोन्ही वेळा एकाच क्षणाच्या आहेत.

ते ‘झेड’ म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेची खूण. कोणी सेटिंग बदललेली नसेल, तर मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीपासून एरर लॉग यूटीसीतच लिहिला जातो, आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत लॉगवर आदल्या दिवसाचीच तारीख पडते. बॅकअपसारखी कामे बहुधा याच वेळात उरकली जातात. म्हणून सकाळी फक्त आजच्या तारखेने लॉग चाळणाऱ्याच्या नजरेतून नेमक्या हव्या त्या ओळी निसटतात.

टेबलातल्या वेळेचा अर्थ कॉलमच्या प्रकारावर ठरतो. ‘टाइमस्टॅम्प’ प्रकारात दिलेली वेळ यूटीसीत बदलून साठवली जाते आणि वाचणाऱ्याच्या सेशनला (डेटाबेसशी असलेल्या त्याच्या जोडणीला) जो टाइम झोन लावलेला असेल, त्यानुसार परत दाखवली जाते. ‘डेटटाइम’ प्रकारात मात्र भिंतीवरच्या घड्याळात दिसावेत तसे आकडे जसेच्या तसे राहतात. ते मुंबईचे की न्यूयॉर्कचे, हे कॉलमला ठाऊक नसते. घडून गेलेल्या घटनेसाठी मी पहिलाच प्रकार सुचवेन, पण त्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते: १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांपलीकडची वेळ त्यात मावत नाही.

काही कॉलमांत नुसता १७००००००००सारखा आकडा असतो. १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून मोजलेले हे सेकंद आहेत, आणि हा आकडा म्हणजे १५ नोव्हेंबर २०२३ची आपली पहाट, ३ वाजून ४३ मिनिटे २० सेकंद. तोच आकडा चुकून मिलिसेकंदांचा मानला, तर तारीख २० जानेवारी १९७० निघते. हल्लीच्या नोंदीवर जानेवारी १९७० दिसली, की आधी हे एकक तपासावे.

सर्वांत फसवा प्रकार पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये भेटतो. तिथले ‘नाउ’ हे फंक्शन या क्षणाची नव्हे, तर चालू ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ देते. दहा वाजता सुरू झालेले ट्रान्झॅक्शन दहा वाजून पाच मिनिटांनी कमिट झाले (म्हणजे पक्के होऊन इतरांना दिसू लागले), तरी त्यातल्या नोंदींवर दहाचाच शिक्का बसतो. दर मिनिटाला ‘मागच्या वेळेनंतरच्या नोंदी’ उचलणारा प्रोग्रॅम तोवर दहाच्या पुढे निघून गेलेला असतो, आणि त्या नोंदी टेबलात असूनही त्याच्या हाती कधीच लागत नाहीत.