बोटीवरून आलेलं चॉकलेट पांढरं का पडायचं

रत्नागिरीकडच्या आमच्या घरी बोटीवरून कुणी सुट्टीवर आलं की पेटी उघडायला सगळं घर गोळा व्हायचं. वर कपडे, मध्ये साबणाच्या वड्या आणि तळाला चॉकलेटचा डबा. चांदी सोडली की बऱ्याचदा आतून राखाडी-पांढरी वडी निघायची. बुरशी आली म्हणून आजी ती टाकून द्यायची आणि आम्ही मुलं हिरमुसून बसायचो. ती बुरशी नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

चॉकलेटचा जीव त्यातल्या कोको बटरमध्ये असतो. ही चरबी गोठताना तिचे सहा प्रकारचे स्फटिक होऊ शकतात. त्यांतला पाचवा प्रकार चकचकीत दिसतो, कट्‌कन मोडतो आणि सुमारे ३४ अंशांना वितळतो. तोंडातली ऊब त्याहून थोडी जास्त, म्हणून वडी जिभेवर विरघळते. बोटीच्या डेकखालचा बंद खण दुपारी ३४ च्या पुढे सहज जातो. वितळलेली चरबी रात्री हळूहळू, मनाला येईल तशी गोठते आणि तिचा थर पृष्ठभागावर येतो. पांढरी झाक म्हणजे हाच थर. चव आणि पोत बिघडतो, पण खाल्ल्यानं अपाय होत नाही.

मुळात कोको समुद्रावर आला तेव्हा ही अडचण नव्हतीच. १५०२ मध्ये कोलंबसच्या चौथ्या सफरीत होंडुरासजवळ एक मोठी व्यापारी होडी भेटली. तिच्यात कोकोच्या बिया होत्या आणि चार बिया सांडल्या तरी होडीतली माणसं त्या वेचायला वाकत होती, कारण तिकडे बियांचं चलन होतं. सुकवलेल्या बीला उन्हाची भीती नाही, भीती ओलीची. पुढे ब्रिटिश नौदलानंही कोको प्यायलाच दिला. १८२४ मध्ये रमचा शिधा निम्म्यावर आला आणि कोको आणि चहाचं प्रमाण वाढलं. कोकोची घट्ट लादी सुरीनं किसून उकळत्या पाण्यात ढवळायची. या पेयाला खलाशी ‘काय’ म्हणत, उच्चार अगदी आपल्या ‘काय’सारखाच. लादी उन्हानं मऊ झाली तरी बिघडत काहीच नव्हतं, कारण ती शेवटी विरघळायचीच होती.

खायची वडी आली १८४७ मध्ये, ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीकडून, आणि तिच्याबरोबर ही नवी कटकट आली. थंड देशातल्या माणसांनी आपल्या हवेला मानवेल असा पदार्थ घडवला आणि मग तो जहाजानं विषुववृत्तापार धाडायला घेतला. १९०० च्या नववर्षाची भेट म्हणून राणी व्हिक्टोरियानं दक्षिण आफ्रिकेत लढणाऱ्या लाखभर सैनिकांना अर्धा-अर्धा पौंड चॉकलेट पत्र्याच्या डब्यांतून पाठवलं. कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री या तिघांनी मिळून ते केलं होतं. त्यातला एक डबा २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एका कवीच्या सामानात सापडला, आत चॉकलेट तसंच होतं. यात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे ते नासत नाही, फक्त रूप बदलतं.

या इतिहासातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट १९१४ ची आहे. ब्रिटनची राजकन्या मेरी हिच्या नावानं सैनिकांना नाताळची भेट गेली, तेव्हा परिचारिकांना चॉकलेट मिळालं आणि भारतीय सैनिकांच्या वाट्याला खडीसाखर आणि मसाल्याची डबी आली. निवड कशामुळेही झालेली असो, बोटीच्या दृष्टीनं ती अचूक होती. खडीसाखरेला बोटीवरचं ऊन काहीच करू शकत नाही. आपली चिक्की, गोव्याचं दोदोल, पेरूचं पेराद हा सगळा गुळा-साखरेचा गोतावळा तसाच. त्यांचा वैरी दुसरा, खारी दमट हवा. डबा नीट लागला नाही तर दोन दिवसांत चिक्की चिकट होते. बोटीवर जाताना पेटीत घरचा खाऊ आणि परतताना चॉकलेट, या दोन फेऱ्यांत डब्याला दोन वेगवेगळ्या शत्रूंशी झुंजावं लागे.

वडीचा घाटच बदलण्याचं काम लष्करानं करून घेतलं. १९३७ मध्ये अमेरिकी लष्कराच्या कॅप्टन पॉल लोगन यांनी हर्शी कंपनीकडे चार औंसांची वडी मागितली. अटी अशा: भरपूर उष्मांक, उन्हात टिकाव आणि चव उकडलेल्या बटाट्यापेक्षा थोडीच बरी, म्हणजे कुणी हौसेनं संपवणार नाही. वडीत ओटचं पीठ घातलं. १९४३ ची ‘ट्रॉपिकल’ वडी ४९ अंशांत तासभर आकार धरून राही आणि ती पॅसिफिकच्या बेटांवर गेली. त्याआधी १९४१ मध्ये एम अँड एम्स या गोळ्या आल्या. त्यांत चॉकलेटला साखरेचं कवच होतं, आत मऊ झालं तरी हाताला लागायचं नाही. मला हा उपाय जास्त आवडतो, कारण त्यात चवीचा बळी दिलेला नाही.

शिडाच्या बोटीवर आजही चॉकलेट ठेवतात ते तळाच्या खणात, पाण्याच्या रेषेखाली, हवाबंद डब्यात. तिथे डबा समुद्राइतकाच गार राहतो. भूमध्य समुद्रात एवढं पुरतं. मुंबईजवळ मे महिन्यात समुद्राचं पाणीच ३० अंशांच्या आसपास असतं. तिथे वडी वितळत नाही, पण लुसलुशीत होते. फ्रिज असला तरी गार वडी दमट हवेत लगेच उघडली तर तिच्यावर पाणी धरतं, साखर विरघळते आणि सुकल्यावर पुन्हा पांढरे डाग पडतात, हे डाग मात्र खरखरीत. म्हणून डबा बाहेर काढून बंदच ठेवायचा, हवेइतका कोमट झाला की मग उघडायचा.

आणि एवढं करूनही वडी पांढरी पडली, तर जुन्या खलाशांसारखी किसायची आणि गरम दुधात ढवळायची. आमच्या आजीला हे कुणी सांगितलं असतं, तर आम्हा मुलांचे कितीतरी पेले भरले असते.