नीरोच्या नाण्यावरची चांदीची साय

जुनं नाणं घासलं आणि पांढरं चमकलं की चांदी अस्सल, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. रोमन टांकसाळीची करामत कळली, तर ते असं म्हणणार नाहीत.

इ.स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने दिनारियस हे चांदीचं नाणं हलकं केलं. आधी एका रोमन पौंडात (सुमारे ३२७ ग्रॅम) ८४ नाणी पाडत, आता ९६ पाडू लागले. शिवाय चांदीत सुमारे पाचवा हिस्सा तांबं घातलं. तरी नाणं पांढरंशुभ्रच दिसे.

कसं? चांदी-तांब्याचा रस थिजताना दोन्ही धातू पुरते एकजीव होत नाहीत. आधी चांदीबहुल कण गोठतात. उरलेला रस त्यांच्या फटींमध्ये ७७९ अंश सेल्सिअसला थिजतो. त्यात २८ टक्के तांबं असतं, याला युटेक्टिक मिश्रण म्हणतात. अशा मिश्रधातूची कोरी चकती भट्टीत तापवली की पृष्ठभागालगतच्या तांब्याचं काळं ऑक्साइड होतं, चांदी मात्र तशीच राहते. मग चकती आम्लात बुडवायची. चिंचेने तांब्याचं भांडं उजळतं ना, तेच रसायन: आम्ल ऑक्साइड विरघळवतं, चांदीला धक्का लावत नाही. मागे उरते स्पंजासारखी सच्छिद्र चांदी. आता चकती दोन ठशांमध्ये धरून हातोडा हाणला की छिद्रं मिटतात, आणि हिणकस गाभ्यावर चकचकीत साय धरते. त्याच घावात सम्राटाचा चेहराही उमटतो. हा चेहरा कारागिराने ठशावर उलटा आणि खोलगट, हाताने कोरलेला असतो. मला या घावाचं अपार कौतुक वाटतं: धातूचं काम आणि राजाची ग्वाही, दोन्ही एका क्षणात.

या सायीने संशोधकांनाही चकवलं. क्ष-किरणांनी नाणं तपासलं तर जेमतेम वरचा थर कळतो आणि कस वाढीव दिसतो. म्हणून आता कडेला बारीक भोक पाडून गाभ्यातला कीस तपासतात.

असं नाणं तिजोरीत ठेवलं की लक्ष्मी येते, किंवा त्याचे लाखो रुपये मिळतात, असे व्हिडिओ फिरतात. त्यांवर विश्वास ठेवू नका. आणि जुनं नाणं घासू तर अजिबात नका. नेमकी ती सायच निघून जाते.

पुढे इ.स. २६८ च्या सुमारास रोमन 'चांदीच्या' नाण्यात चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेली.

दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या साठ्यांत नीरोच्या आधीचे सम्राट ऑगस्टस आणि टायबेरियस यांची नाणी भरपूर आहेत, नीरोने कस उतरवल्यानंतरची फार थोडी. इथले व्यापारी चेहरा न बघता धातू पारखून घेत असावेत, असं मला वाटतं.