लिंगाची पुढची कातडी मागे जात नाही? ट्यूब मागण्याआधी हे वाचा

गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबून बरेच ग्राहक हळूच म्हणतात, ‘कातडी सैल व्हायची ट्यूब द्या.’ यात लाजण्यासारखं काही नाही. पण औषधाच्या दुकानात काउंटरवर सगळं बोलता येत नाही, म्हणून हे पत्रक.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घाईने. लग्नाची तारीख जवळ आली की आंघोळीत जोर लावून कातडी एकदाची मागे ओढली जाते. बारीक चिरा पडतात. त्या भरताना तिथे ताठ व्रण धरतो आणि कातडीच्या तोंडाचं कडं आधीपेक्षा जास्त आवळतं. मग चिरा भरेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कधी मागे गेलेली कातडी तिथेच अडकते आणि पुढचा भाग सुजतो. तसं झालं तर आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका. रात्र असली तरी सरळ नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा.

ताण द्यायचा तो कोमट पाण्याच्या आंघोळीनंतर, कातडी मऊ असताना. ओढ जाणवावी, दुखू नये. थोडा वेळ धरा, सोडा आणि कातडी आठवणीने पुढे आणा. रोज करा. सोबत डॉक्टर बहुधा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड मलम देतात: साधारण ४ ते ८ आठवडे, पातळ थर, आवळलेल्या कड्यावरच. बऱ्याच जणांची सुंता एवढ्याने टळते.

हे मलम आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही, त्यावरून काही ग्राहक नाराज होतात. पण घरात पडलेली गजकर्णाची, स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावून कातडी पातळ झालेले, बुरशी दबून पुन्हा उसळलेले लोक आमच्याकडेच परत येतात. अशाच गैरवापरामुळे २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची १४ मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत घातली. शिवाय कड्यावर पांढरट, कडक पट्टा दिसत असेल तर तो वेगळा आजार असू शकतो; तो डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहायलाच हवा.

इतकी वर्षं सहज मागे जाणारी कातडी आता आवळू लागली, खाज आणि चिरा आहेत, तर आधी साखर तपासा. काही जणांना डायबिटीस असाच पहिल्यांदा कळतो. डायबिटीसच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीने लघवीतून साखर जाते आणि बुरशीला फावतं. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. बोटातून साखर आमच्याकडे लगेच तपासून मिळते.

कातडी मागे जाऊ लागली की पुढचा भाग फार हुळहुळतो, चड्डीचा स्पर्शही नकोसा होतो. तो भाग आजवर झाकलेला होता, सवय व्हायला काही आठवडे लागतात. कोमट पाण्याची धार घ्या, मग हळूहळू ओल्या बोटाचा स्पर्श. साबण आणि डेटॉल नको. ताण देताना लावायला सुन्न करणारा स्प्रे मागू नका. दुखणं हीच तर थांबायची खूण असते, ती घालवून कसं चालेल? मे महिन्याच्या घामात सुती, सैल चड्डी बरी.

कोरडेपणासाठी साधी पांढरी व्हॅसलीन पुरे, तिची लहान डबीही आमच्याकडे आहे. मात्र व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावून कंडोम वापरू नका, तो फाटतो; त्यासाठी पाण्याच्या बेसची जेल घ्या. नाव उच्चारायची गरज नाही, चिठ्ठी नुसती पुढे सरकवा. औषध कागदी पाकिटात बंद करून, कसं लावायचं ते आत लिहून देतो.