सांताची पिशवी कोण भरतं?

डिसेंबर लागला की सातारा-सांगलीतल्या इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना येते : पाल्यासाठी भेटवस्तू पॅक करून, वर नाव आणि तुकडी लिहून, मुलाच्या नकळत वर्गशिक्षिकेकडे द्यावी. सुट्टी लागण्याआधी लाल डगल्यातला सांता एकेक पुडकं काढून नावं पुकारतो. डगल्याच्या आत शिपाईमामा असतात, नाहीतर खेळाचे सर.

वाद होतो तो या डगल्यावर. २०२३ च्या डिसेंबरात मध्य प्रदेशातल्या एका जिल्ह्यात, पालकांच्या लेखी परवानगीशिवाय मुलांना सांता बनवू नये, असा आदेश निघाला होता. पोशाखाला संमती हवी की नको, यावर आपल्याकडेही हिरिरीनं बोललं जातं. पिशवीत काय आहे आणि ते कुणी भरलं, हा प्रश्न मात्र मागे राहतो. मुलांशी थेट संबंध त्याचाच आहे.

सांताचं मूळ चौथ्या शतकातल्या निकोलस या बिशपाकडे जातं. त्याचं मायरा हे गाव आजच्या तुर्कस्तानात आहे. हुंड्याअभावी तीन बहिणींची लग्नं अडली होती, तेव्हा त्यानं रात्री त्यांच्या घरात गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. आपण याला गुप्तदान म्हणतो. घेणाऱ्याला खाली मान घालावी लागू नये, म्हणून देणारा अंधारात राहतो. पुढे अमेरिकेत त्याचा सांता झाला आणि दानाला हिशेब चिकटला. न्यूयॉर्कमध्ये १८२१ साली छापलेल्या एका बालकवितेत तो गुणी मुलांना खेळणी देतो आणि हट्टी मुलांच्या आईबापांसाठी छडी ठेवून जातो. भेट म्हणजे चांगल्या वागण्याचं बक्षीस, ही समजूत आजही प्रत्येक वर्गात सांगितली जाते.

आपल्याकडे मुलांना दटावायला बागुलबुवा होता, पण तो कधी काही देत नसे. घरात येणारी होती ती गौर. "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी आली!" हा खेळ लहानथोर मिळून खेळतात. त्यात मुलांपासून काही लपवलेलं नसतं आणि कुणाच्या वागण्याचा हिशेबही मांडलेला नसतो.

नाताळ इथे जुनाच. मिरजेत मिशनचं रुग्णालय १८९० च्या दशकातलं. मराठी ख्रिस्ती घरांत या सणाला उपासना असते, करंज्या-चकल्यांचा फराळ असतो. शाळेतला सांता त्या घरांतून आलेला नाही. १९९१ नंतर वाढलेली टीव्ही वाहिन्यांची संख्या, तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेल्या इंग्रजी शाळा आणि बालवर्गांच्या फ्रँचायझी यांच्याबरोबर तो आला. म्हणून 'नाताळबाबा' हा छान मराठी शब्द असूनही मुलं 'सांता'च म्हणतात.

वर्गाची घडण बदलली ती शिक्षण हक्क कायद्यानं. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. एकाच बाकावर दोन मुलं बसतात. एकाच्या पुडक्यातून रिमोटची गाडी निघते, दुसऱ्याच्या पुडक्यातून खडूंची पेटी. दोघांनाही सांगितलेलं असतं की सांताला सगळं ठाऊक असतं. गाडी वडिलांच्या पगारातून आली, हे पाच वर्षांच्या मुलाला कसं कळणार? आपण कुठे कमी पडलो, हेच ते शोधत बसतं. पुडकं विसरलेल्या घरातल्या मुलाचं नाव तर पुकारलंच जात नाही. ऐन वेळी बाई स्वतःच्या पर्समधलं चॉकलेट पुढे करतात.

मुलांशी खोटं बोलावं का, हा प्रश्न जास्त गाजतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५२ मुलांशी बोलणं झालं होतं. बहुतेकांना सातव्या वर्षाच्या आसपास खरं काय ते आपलं आपणच कळलं होतं आणि त्याचा फारसा त्रास झाला नव्हता. वाईट वाटलं ते पालकांना. गुपित फुटण्याचं दुःख मुलं पचवतात. वर्गासमोर उघडलेल्या पुडक्याचं काय होतं, ते या अभ्यासात विचारलेलं नव्हतं.

यावर उपाय म्हणून पुडक्याला पन्नास किंवा शंभर रुपयांची मर्यादा घालता येते, पण पालक ती ओलांडतात. त्यापेक्षा सगळ्यांना एकच वस्तू द्यावी आणि ती शाळेनं घ्यावी, म्हणजे नाव पुकारावं लागत नाही. खर्चाचा मुद्दा निघाला की हा विषय जूनच्या पालकसभेवर ढकलला जातो, आणि जूनमध्ये सांता कुणाच्या लक्षात नसतो.