किडनी आठवड्याभरात बंद पडू लागते तेव्हा: अँटी-जीबीएम आणि अँका यांतला फरक

महिन्यापूर्वी ज्याचं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात साचत जाणारा टाकाऊ पदार्थ) १ च्या आत होतं, त्याचा आजचा रिपोर्ट ३.२ दाखवतो आणि तीन दिवसांनी तोच आकडा ५ वर जातो. लघवी तपकिरी झालेली, पायांवर सूज, आणि खोकताना रक्त पडतंय. अशा रुग्णासमोर किडनीच्या डॉक्टरांच्या मनात दोन आजार लगेच येतात. एक अँटी-जीबीएम आजार (जीबीएम म्हणजे किडनीच्या गाळणीतला पातळ पडदा), ज्याला गुडपाश्चर सिंड्रोम असंही म्हणतात. दुसरा अँका व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे अँका नावाच्या अँटीबॉडीमुळे होणारा रक्तवाहिन्यांचा दाह. दोन्ही दुर्मिळ. दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते, किडनी आणि फुप्फुसं एकाच वेळी सापडू शकतात, आणि सुरुवातीची औषधंही बरीचशी सारखीच असतात. त्यामुळे रुग्णाच्या घरच्यांना हे एकाच आजाराचे दोन प्रकार वाटतात. तसं नाही, आणि हा घोळ दोनदा महागात पडतो: सुरुवातीच्या दोन-चार दिवसांत एकदा, आणि सगळं निवळलंय असं वाटू लागतं तेव्हा पुन्हा एकदा.

गंमत नव्हे, पण हा घोळ अगदी पहिल्या रुग्णापासूनचा आहे. अर्नेस्ट गुडपाश्चर या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९१९ मध्ये, इन्फ्लुएन्झाच्या साथीत, फुप्फुसात रक्तस्राव आणि किडनीचा दाह होऊन दगावलेल्या १८ वर्षांच्या तरुणाची नोंद केली. १९५८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी अशाच रुग्णांचं वर्णन करताना या आजाराला त्याचं नाव दिलं. पण त्या तरुणाच्या शवविच्छेदनातल्या इतर खुणा आज वाचल्या, की त्याला बहुधा व्हॅस्क्युलायटिसच असावा असं अनेकांना वाटतं.

आधी साम्य कुठे आहे ते पाहू. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. एकेक गाळणी म्हणजे अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ, ग्लोमेरुलस. या वाहिन्यांची भिंत फाटली की रक्तातले घटक गुच्छाभोवतीच्या पिशवीत सांडतात, तिथल्या पेशी भराभर वाढतात आणि गुच्छाला बाहेरून दाबत आणतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ चंद्रकोरीच्या आकाराची दिसते. दोन्ही आजारांत चंद्रकोरी असतात. म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टात ‘क्रेसेंट’ लिहिलंय एवढ्यावरून नुकसान किती झालंय ते कळतं, ते कोणी केलंय ते कळत नाही.

अँटी-जीबीएममध्ये लक्ष्य ठरलेलं असतं: गुच्छाच्या भिंतीतला पातळ पडदा, ग्लोमेरुलर बेसमेंट मेम्ब्रेन, म्हणजेच जीबीएम. त्यातही चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनची अल्फा-३ नावाची साखळी, आणि तिचंही एक टोक. एरवी हा भाग साखळ्यांच्या घडीत झाकलेला असतो. तो उघडा पडला आणि शरीराने त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार केल्या, की त्या थेट पडद्यावर जाऊन बसतात. १९६७ मध्ये रुग्णांच्या किडनीतून काढलेल्या अँटीबॉडी माकडांना दिल्यावर त्यांनाही हा आजार झाला. म्हणजे अँटीबॉडी हीच गुन्हेगार, हे तेव्हाच पक्कं झालं.

हेच कोलॅजेन फुप्फुसांच्या वायुकोशांतही असतं. मग प्रत्येक रुग्णाच्या फुप्फुसातून रक्त का येत नाही? किडनीतल्या वाहिन्यांच्या अस्तराला मुळातच बारीक छिद्रं असतात, त्यामुळे अँटीबॉडी सहज पडद्यापर्यंत पोचते. फुप्फुसातल्या वाहिन्यांचं अस्तर मात्र बंद असतं. ते आधी कशाने तरी दुखावलं जावं लागतं, आणि ते काम बहुतेक वेळा धूर करतो. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या ३७ च्या ३७ रुग्णांच्या फुप्फुसात रक्तस्राव झालेला होता, तर न करणाऱ्या १० पैकी फक्त दोघांच्या. या आजाराचं निदान झालेल्या माणसाने सिगारेट त्याच दिवशी सोडायची असते, ती यासाठी.

अँकाची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. इथे अँटीबॉडी किडनीच्या विरुद्ध नसतेच. ती असते न्यूट्रोफिल या आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या दोन पदार्थांविरुद्ध, पीआर-३ किंवा एमपीओ. एखाद्या संसर्गाच्या निमित्ताने न्यूट्रोफिल उत्तेजित झाले, की एरवी पेशीच्या आत असलेले हे पदार्थ तिच्या पृष्ठभागावर येतात. अँटीबॉडी त्यांना चिकटते, पेशी बिथरते, बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला जाऊन चिकटते आणि जंतूंसाठी राखलेली सगळी रसायनं तिथेच ओतते. भिंत जळते, फाटते. अशा बारीक वाहिन्या अंगभर असतात, म्हणून हा आजार कुठेही डोकं वर काढतो: नाक, सायनस, कान, डोळे, त्वचा, नसा. आणि सर्वांत जास्त बारीक वाहिन्या एकवटलेल्या जागांपैकी एक किडनी, म्हणून तीही.

या फरकाचा पुरावा बायोप्सीत डोळ्यांनी पाहता येतो. किडनीच्या तुकड्यावर आयजीजी अँटीबॉडीला चिकटणारा चमकता रंग टाकून अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, की अँटी-जीबीएममध्ये गुच्छाच्या प्रत्येक वेटोळ्याच्या कडेने हिरवी, सलग, गुळगुळीत रेघ उजळते. कुठे तुटक नाही, कुठे ठिपके नाहीत. अँकाच्या तुकड्यात त्याच ठिकाणी जवळपास काळोख असतो, कारण तिथे अँटीबॉडी साचलेलीच नसते. दुसरी खूण साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसते. अँटी-जीबीएममधल्या चंद्रकोरी बहुधा एकाच वयाच्या असतात, सगळा हल्ला एकाच झपाट्यात झालेला. अँकामध्ये ताज्या चंद्रकोरीशेजारी जुनी, घट्ट व्रण झालेली चंद्रकोर सापडते. किडनी बरेच दिवस गुपचूप सोसत होती, असा त्याचा अर्थ.

रुग्णाची हकीकत नीट ऐकली तर तीही बरंच सांगून जाते. अँकाचा रुग्ण अनेकदा महिनोन्‌महिने आजारी असतो: बारीक ताप, वजन उतरलेलं, सांधे दुखतात, नाकात रक्ताळलेल्या खपल्या धरतात, सर्दी हटत नाही, एका कानाने कमी ऐकू येतं, पायांवर जांभळे ठिपके, क्वचित एक पाऊल उचलता येईनासं होतं. यातलं प्रत्येक लक्षण वेगळ्या डॉक्टरकडे गेलेलं असतं आणि लघवीची साधी तपासणी कोणीच केलेली नसते. मला हे फार खटकतं, कारण लघवीतल्या लाल पेशी आणि प्रथिनं या सगळ्याच्या आधी दिसू शकतात. अँटी-जीबीएममध्ये असं लांबण क्वचितच असतं. कालपर्यंत बरा असलेला माणूस, आणि मग एकदम धाप, रक्त, लघवी कमी. तो साधारण दोन वयोगटांत जास्त दिसतो, विशी-तिशीतले तरुण आणि साठीच्या पुढची माणसं. अँका मुख्यतः उतारवयाचा. पण वयावरून निदान करू नये. दोन्हींत अपवाद भरपूर आहेत.

रक्ताच्या तपासण्या दोन्ही एकदमच पाठवायच्या असतात: अँटी-जीबीएम आणि अँका. एक आली, मग दुसरी पाहू, असं करायला वेळ नसतो. शिवाय अँटी-जीबीएमची रक्ततपासणी काही रुग्णांत निगेटिव्ह येते आणि बायोप्सीत मात्र ती हिरवी रेघ स्पष्ट असते. निगेटिव्ह रिपोर्ट हातात आला म्हणून बायोप्सी टाळणं योग्य नाही.

आता उपचार. दोन्हींत स्टेरॉइडचे मोठे डोस शिरेतून सुरू होतात आणि जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं औषध येतं. फरक पडतो तो प्लाझ्मा एक्सचेंजमध्ये, म्हणजे रुग्णाचा प्लाझ्मा यंत्रातून काढून टाकून त्याजागी अल्ब्युमिन किंवा दात्यांचा प्लाझ्मा भरण्यात. बायोप्सी नुकतीच झाली असेल किंवा फुप्फुसातून रक्त येत असेल तर दात्यांचाच प्लाझ्मा लागतो, कारण काढून टाकलेल्या प्लाझ्मात रक्त गोठवणारे घटकही जातात. अँटी-जीबीएममध्ये अँटीबॉडी स्वतःच मारेकरी, तेव्हा ती रक्तातून उपसून काढणं हा उपचाराचा कणा आहे: रोज, साधारण दोन आठवडे किंवा अँटीबॉडी दिसेनाशी होईपर्यंत. संशय दाट असेल तर बायोप्सीच्या रिपोर्टची वाट न पाहता हे सुरू करतात. अँकामध्ये मात्र २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ७०४ रुग्णांवरच्या पेक्सिव्हास चाचणीत प्लाझ्मा एक्सचेंजमुळे मृत्यू किंवा कायमची किडनी निकामी होणं यांत ठळक फरक पडला नाही. म्हणून तिथे तो सरसकट केला जात नाही. क्रिएटिनिन खूप चढलेलं असेल किंवा फुप्फुसातल्या रक्तस्रावाने ऑक्सिजन खाली आला असेल, तर विचार होतो. त्याच चाचणीत स्टेरॉइडचा कमी डोसही तेवढाच उपयोगी ठरला, आणि गंभीर संसर्ग कमी झाले. हे मला त्या चाचणीतलं सर्वांत मोठं देणं वाटतं, कारण पहिल्या वर्षात अँकाचे रुग्ण आजाराइतकेच उपचारातल्या संसर्गानेही दगावतात.

घाईचं कारण आकड्यांत दिसतं. लंडनच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये ७१ अँटी-जीबीएम रुग्णांचा दीर्घकाळाचा अनुभव मांडला. उपचार सुरू होताना क्रिएटिनिन ५.७ च्या खाली असलेल्यांपैकी ९५ टक्के लोकांची किडनी वर्षानंतर चालू होती. आल्या आल्या डायलिसिस लागलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के. मध्ये काही दिवसांचाच फरक असतो. अँकामध्ये डायलिसिसवर आलेला रुग्णही अनेकदा परत फिरतो. क्रिएटिनिन ५.८ च्या वर असलेल्या १३७ अँका रुग्णांच्या एका चाचणीत, तीन महिन्यांनी, प्लाझ्मा एक्सचेंजऐवजी शिरेतून स्टेरॉइड दिलेल्या गटातलेही ४९ टक्के लोक जिवंत आणि डायलिसिसशिवाय होते. प्लाझ्मा एक्सचेंजच्या गटात ६९ टक्के. डायलिसिस सुरू झालं म्हणून अँकाच्या रुग्णाची आशा सोडायची नसते.

वर्षभराने चित्र उलटं होतं. अँटी-जीबीएम बहुतेकांना आयुष्यात एकदाच होतो. प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोफॉस्फामाइड दोन-तीन महिने, स्टेरॉइड सहा महिन्यांच्या आसपास, आणि अँटीबॉडी गेल्या की औषधं थांबतात. अँका मात्र पुन्हा उसळतो, विशेषतः पीआर-३ वाला. म्हणून आजार शांत झाल्यावरही रिटुक्सिमॅबची इंजेक्शनं ठरावीक महिन्यांनी किंवा अझाथायोप्रिनच्या गोळ्या दीड-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त द्याव्या लागतात. बरं वाटतंय म्हणून रुग्णाने स्वतःच गोळ्या बंद करणं इथे घातक असतं. नाकातून पुन्हा खपल्या येणं, लघवीत पुन्हा लाल पेशी दिसणं, या लहान गोष्टी दवाखान्यात लगेच सांगायच्या. उलट रक्तातली अँका नुसती वाढली, बाकी सगळं ठीक, तर तेवढ्यावरून औषध वाढवत नाहीत. फक्त लक्ष जवळून ठेवतात.

काही रुग्णांत दोन्ही अँटीबॉडी सापडतात. अँटी-जीबीएमच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांत अँकाही पॉझिटिव्ह असते, बहुधा एमपीओ. या लोकांच्या वाट्याला दोन्हींचं कठीण ते येतं: सुरुवात अँटी-जीबीएमसारखी प्रचंड वेगाची, आणि पुढे अँकासारखी उलटण्याची भीती. त्यांच्यावर प्लाझ्मा एक्सचेंजही होतो आणि नंतरचं टिकवण्याचं औषधही चालू राहतं. अँटी-जीबीएमचं निदान झाल्यावर अँकाचा रिपोर्ट कोणी पाहिलाच नाही, तर सहा महिन्यांनी औषधं बंद होतील आणि रुग्ण वाऱ्यावर सुटेल. त्यामुळे दोन्ही रिपोर्ट फाईलमध्ये आहेत ना, हे घरच्यांनी विचारून घ्यावं.

किडनी परत आली नाही आणि प्रत्यारोपणाचा विषय निघाला, तरी नियम वेगळे. अँटी-जीबीएममध्ये रक्तातली अँटीबॉडी किमान सहा महिने दिसेनाशी असायला हवी, नाहीतर नव्या किडनीच्या पडद्यावरही ती जाऊन बसेल. अँकामध्ये आजार किमान सहा महिने पूर्ण शांत असावा लागतो. रक्तात अँका अजून सापडते, एवढ्या कारणाने प्रत्यारोपण अडत नाही.